उंदराच्या मेंदूतील डोपामिन मोजताना : माझा अनुभव

माझ्या पीएच.डी.चा प्रश्न वरवर साधा होता : उंदराला अनोळखी जागेत सोडले असता त्याच्या मेंदूतील न्यूक्लियस अक्युम्बेन्स या भागात डोपामिन या चेतापेशींमधल्या संदेशवाहक रसायनाचे प्रमाण बदलते का, आणि तो बदल त्याच्या वावराशी जुळतो का? गोव्यातील एका प्रयोगशाळेत याचे उत्तर शोधताना माझा बहुतेक वेळ मोजलेला आकडा नेमका कशाचा, हे ठरवण्यातच गेला.

अशा प्रयोगांना प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० आणि त्याखालील १९९८ चे नियम लागू होतात, त्यामुळे संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय काम सुरूच होत नाही. समितीत शास्त्रज्ञ नसलेला सदस्यही असतो. याहून कमी उंदरांत काम का भागणार नाही, हा सर्वांत अवघड प्रश्न त्याच सदस्याने विचारला. गटाचा आकार संख्याशास्त्राने पुन्हा काढून दाखवावा लागला आणि तो खरोखरच कमी झाला.

शस्त्रक्रियेत उंदराला भूल देऊन, कवटीवरील ब्रेग्मा या सांध्यापासून अंतरे मोजून एक बारीक नळी बसवतात आणि दंतवैद्यकातील सिमेंटने ती पक्की करतात. त्यानंतर प्राण्याला सावरायला काही दिवस द्यावे लागतात. चवथीला सगळे आपापल्या गावी गेले, तरी प्राणिगृहातले काका रोज येत. उंदरांना रोज त्याच माणसाने उचलले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. तो मला तेव्हा थोडा अतिरेकी वाटे.

प्रत्यक्ष मोजणी मायक्रोडायलिसिसने केली. आधी बसवलेल्या नळीतून आत घालायच्या बारीक शलाकेच्या, म्हणजे प्रोबच्या, टोकाला अर्धपारगम्य पडदा असतो. आतून मेंदूतील द्रवासारखे क्षारयुक्त द्रावण मिनिटाला एक-दोन मायक्रोलिटर एवढ्या संथ गतीने वाहते आणि बाहेरचे लहान रेणू पडद्यातून आत येतात. प्रोब घातल्यावर ऊतीला इजा होत असल्याने सुरुवातीचे काही तास नमुने धरत नाहीत. डोपामिनचे हवेत ऑक्सिडीकरण होते, म्हणून गोळा करण्याच्या नळीत आधीच थोडे आम्ल ठेवावे लागते. पुढचे विश्लेषण एचपीएलसी (द्रावणातील घटक वेगळे करणारे यंत्र) आणि विद्युत-रासायनिक डिटेक्टरवर होते. पावसाळ्यात वीज जाऊन आली, की डिटेक्टरची आधाररेषा स्थिर व्हायला तास न् तास लागत, आणि तोवर आलेखावरच्या कोणत्याही शिखरावर विश्वास ठेवणे शक्य नसे.

खरी अडचण मात्र वेळेची होती. मोजता येईल एवढे द्रावण जमायला माझ्या मांडणीत दहा मिनिटे लागत, तर उंदीर थबकतो, हुंगतो आणि वळतो ते काही सेकंदांत. पर्जन्यमापक दिवसभराचा पाऊस सांगतो, सर कधी आली ते सांगत नाही. माझा नमुनाही तसाच होता. शिवाय पडद्यातून येतो तो बाहेरच्या प्रमाणाचा एक अंशच, त्यामुळे आकड्याला अर्थ येतो तो त्याच प्राण्याच्या आधीच्या स्थिर पातळीशी तुलना केल्यावरच.

नियंत्रण गटातील उंदरांना मी केवळ उचलून पुन्हा त्यांच्याच पिंजऱ्यात ठेवले होते. त्यांच्या पहिल्या नमुन्यातही डोपामिन वाढलेले दिसले, आणि काकांच्या आग्रहाचे कारण मला आकड्यांत सापडले. नव्या जागेत सोडलेल्या उंदरांत ही वाढ दुसऱ्या नमुन्यातही टिकली, नियंत्रण गटात ती ओसरली. शेवटी मेंदूचे काप रंगवून पाहिले आणि ज्यांत प्रोब बाजूला गेला होता ते प्राणी विश्लेषणातून वगळले. तरीही हा फरक उरला, म्हणून प्रबंधातील दावा मी त्या दुसऱ्या नमुन्यापुरताच ठेवला.

वावरातील एखाद्या क्षणाशी डोपामिन जोडायचे असेल, तर कार्बन तंतूचा इलेक्ट्रोड वापरून केलेली व्होल्टॅमेट्री, म्हणजे विद्युतदाब बदलत नेऊन वाहणारा प्रवाह मोजण्याची पद्धत, हवी. तिच्यात सेकंदाला साधारण दहा वेळा मोजणी होते, मात्र स्थिर पातळी तिच्यातून सहसा मिळत नाही. ती माझ्या पद्धतीने वेगळी काढावी लागते.