तुम्ही विचारलंत म्हणून: बालगंधर्व सिनेमात का रमले नाहीत?

नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांचं निवेदन करतो. पडदा पडला की कुणीतरी विंगेत येऊन हमखास विचारतं, "एवढे मोठे बालगंधर्व, मग सिनेमात का चालले नाहीत?" उभ्याउभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून लिहितोय.

बालगंधर्व म्हणजे नारायणराव राजहंस, संगीत नाटकांत स्त्रीभूमिका गाजवणारे गायक-नट. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९११ मध्ये 'मानापमान'ची भामिनी, १९१६ मध्ये 'स्वयंवर'ची रुक्मिणी, १९१९ मध्ये 'एकच प्याला'ची सिंधू. 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची मुलगी गेली, तरी खेळ रद्द होऊ दिला नाही. हे लिहिताना आजही माझा हात थबकतो.

पुढे बोलपट आले आणि नाटक कंपन्यांचा प्रेक्षक तिकडे वळला. १९३५ मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनीचा 'धर्मात्मा' आला. दिग्दर्शक शांतारामबापू (व्ही. शांताराम), संगीत नारायणरावांच्याच गंधर्व नाटक मंडळीत घडलेल्या मास्तर कृष्णरावांचं. म्हणजे माणसं तोलामोलाचीच होती. पण नारायणराव संत एकनाथांच्या पुरुषवेषात. ज्यांचा शालू बघायला गावं लोटायची, ते! 'प्रभात'बरोबर त्यांचा तेवढा एकच चित्रपट झाला. १९३७ मध्ये 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात आले, पण तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. नाटकात पहिली रांगसुद्धा चार हात लांब असते; कॅमेरा थेट चेहऱ्याशी येतो.

माझ्या मते मात्र खरं कारण वयाचं नाही, वन्समोरचं आहे. आमच्या आजोबांकडे 'स्वयंवर'मधल्या 'नाथ हा माझा' या पदाची तबकडी होती. एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. गाणं संपलं की आजोबा सुई उचलून पुन्हा कडेला ठेवायचे आणि म्हणायचे, "नाटकात हेच पद किती वेळ चालायचं, बाळा. आम्ही 'वन्समोर' म्हटलं की प्रत्येक वेळी निराळं गायचे." समोरच्यांना ते 'अन्नदाते मायबाप' म्हणत आणि गाणं त्या मायबापांना विचारत विचारत पुढे नेत. सिनेमाच्या सेटवर दाद द्यायला कोण होतं? शॉट चालू असताना तर खोकायचीही चोरी.

तरी 'धर्मात्मा' मिळाला तर जरूर पाहा. आणि मध्येच डोळे मिटून नुसतं ऐका. एकेका शब्दाला ते किती जपतात, ते तिथेही ऐकू येतं.