फोलपटांनी भरलेली वाटी

लेकीला आधी हव्या होत्या त्या हिरव्या-गुलाबी चिमण्या. स्टेशनच्या पुलाखाली एक माणूस कधीतरी जाळीच्या टोपलीत घेऊन बसायचा. जवळ जाऊन बघितलं तर पंखांच्या मुळाशी रंग उतरलेला, खाली तपकिरी ठिपके. आपल्याच मुनिया, रंगवलेल्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्या पाळता येत नाहीत, हे मला माहीत होतं. तिला समजवायला मात्र आठवडा गेला. तडजोड म्हणून झेब्रा फिंचची जोडी आली. हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पण आपल्याकडे मिळतात ते पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. नर ओळखायला सोपा: गालावर नारिंगी डाग, गळ्याखाली पट्टे, कुशीवर तांबड्यावर पांढरे ठिपके. मादी साधी, राखाडी. लेकीने नराचं नाव बुंदी ठेवलं आणि मादीचं शेव. महिन्याभरात दोघांची जबाबदारी माझ्यावर आली, हे सांगायला नकोच.

दुकानदार म्हणाला होता, "ताई, यांचं काही करावं लागत नाही. वाटी भरा, पाणी भरा, झालं." दाण्यांच्या पिशवीला तो कांगणी म्हणत होता. घरी सासूबाईंनी मूठभर हातात घेतले आणि म्हणाल्या, "अगं, हे तर राळे! भोगीला आम्ही भात करायचो याचा." त्या सोलापूरकडच्या. पिशवीत थोडी बाजरीही होती, पण ती यांच्या चोचीला मोठी. आमच्याकडे तरी ती तशीच पडून राहते.

पाचव्या दिवशी पहिला फटका बसला. सकाळी ऑफिसला निघताना वाटी बघितली, काठोकाठ भरलेली. बरं वाटलं, निघाले. संध्याकाळी आले तर घरात आवाजच नाही. एरवी हे दोघं रबरी बदक दाबल्यासारखं पीं-पीं चालूच ठेवतात. दोघंही अंग फुगवून एका दांडीवर चिकटून बसलेले. वाटी अजून भरलेलीच. मग आजारी आहेत की काय, कुणाला फोन करावा, अशी माझी धावपळ. सासूबाई चष्मा सावरत आल्या आणि त्यांनी वाटीवर फुंकर मारली. सगळं उडालं! तळाशी चार दाणे.

फिंच दाणा अख्खा गिळत नाही. चोचीत फिरवून सोलतो, आतला खातो आणि साल तिथेच टाकतो. त्यामुळे वाटी वरून भरलेली दिसते आणि आत असतात नुसती फोलपटं. बारा-पंधरा ग्रॅमचा जीव, त्याच्याकडे साठा तो किती असणार? एक दिवस उपाशी राहणं त्याला आपल्यासारखं झेपत नाही. "जन्मात कधी पाखडलं नाहीस ना, म्हणून," सासूबाई म्हणाल्या. राग आला, पण खरं होतं.

तेव्हापासून सकाळचा क्रम ठरला. पावणेसहाला पिंजऱ्यावरची ओढणी काढायच्या आधी मी दोन मिनिटं नुसती उभी राहते. सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला तोही यालाच. हे पक्षी आजार लपवतात. रानात जो आजारी दिसतो तो आधी मारला जातो, ती सवय पिंजऱ्यातही जात नाही. माणूस समोर आला की आजारी फिंचसुद्धा ताठ बसतो. म्हणून त्याला कळायच्या आत बघायचं: अंग फुगलंय का, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होतेय का, कुणी दांडी सोडून खाली तळाशी बसलंय का. मग ओढणी काढायची आणि ट्रेमधला पेपर बघायचा. आमच्याकडे कालचं वर्तमानपत्र तिथे जातं, रोज एक पान. ठिपके गडद आणि मध्ये पांढरे असले तर ठीक. पाणचट किंवा हिरवट दिसले, किंवा नेहमीपेक्षा फारच कमी असले, की त्या दिवशी ऑफिसातून दोनदा फोन होतो. नवरा याची चेष्टा करतो. करू दे.

पाण्याची भांडी दोनदा घासायची. नुसती विसळून चालत नाहीत. आतून बोट फिरवलं आणि बुळबुळीत लागलं तर ते धुतलं गेलेलं नाही. आंघोळीला मातीची पसरट ताटली, बोटाच्या एका पेराएवढं पाणी, तीही सकाळीच, म्हणजे रात्रीच्या आत पिसं वाळतात. बुंदी आधी काठावर बसून तीन-चार वेळा चोच बुडवतो, इकडे तिकडे बघतो आणि मग असा धुडगूस घालतो की गॅलरीची अर्धी फरशी ओली. शेव मागून उरलेल्या पाण्यात.

खाण्यात राळे रोजचे. कोथिंबीर किंवा पालकाचं पान स्वच्छ धुऊन, चिमट्याने जाळीला अडकवून. आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं किसून, छोटा अर्धा चमचा, आणि दोन तासांनी उरलेलं उचलायचं. डोंबिवलीच्या हवेत अंडं कुणाची वाट बघत नाही. शिवाय समुद्रफेस, म्हणजे माकुलाच्या अंगातलं पांढरं कवच. दुकानात पांढरा, होडीसारखा तुकडा मिळतो, पण माझ्या नणंदेचं सासर गुहागरकडे. तिने किनाऱ्यावरून अर्धी पिशवी वेचून दिली. तीन-चार दिवस गोड्या पाण्यात भिजवला, पाणी रोज बदललं आणि कडक उन्हात वाळवला. कॅल्शियमची बेगमी फुकटात.

या कॅल्शियमची किंमत मात्र उशिरा कळली. पक्ष्यांबरोबर दुकानदाराने एक छोटं मडकं भेट दिलं होतं. मला वाटलं झोपायला. आठवड्यात त्यात पाच अंडी. घरात आनंदीआनंद! तेराव्या दिवशी पिल्लं फुटली, भाताच्या शिताएवढी. तीन आठवड्यांनी ती बाहेर येतात न येतात तोच शेवने पुन्हा अंडी घातली. मग आणखी एकदा. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात पाऊस पडला आणि गवताला बी आलं की यांचा विणीचा हंगाम सुरू होतो. इथे तर बारा महिने वाटी भरलेली, पाणी भरलेलं, मडकं तयार. त्यांच्या लेखी पाऊस कधी थांबतच नाही.

चौथ्या खेपेला, एका शनिवारी सकाळी, शेव ट्रेवर बसलेली दिसली. पंख सैल, डोळे अर्धे मिटलेले, शेपटीखालचा भाग फुगलेला. अंडं अडकलं होतं. जवळच्या दवाखान्यात फोन केला तर, "आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो." चौथ्या फोनवर मुंबईत पक्षी बघणारे डॉक्टर सापडले. ते म्हणाले, आधी ऊब द्या, दाबू-बिबू अजिबात नका, आणि घेऊन या. बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, खाली ओलसर फडकं, एका बाजूला चाळीसचा बल्ब, आत थर्मामीटर, तीस-बत्तीस अंशांच्या आसपास ठेवायला सांगितलेलं. निघायची तयारी होईपर्यंत तासभर गेला. मी खोकं उचललं तर आत अंडं पडलेलं होतं. कवच नव्हतंच, नुसतं कातडं, ओल्या रबरासारखं. तरी गाडी पकडून गेलो. डॉक्टरांनी तिला कॅल्शियमचं औषध दिलं आणि मला झापलं. मडकं आजच काढा, अंड्याचा खुराक सध्या बंद, उजेड अकरा-बारा तासांच्या वर नको. आमच्या हॉलची ट्यूब रात्री अकरापर्यंत चालू असायची, हे मी सांगितलं नाही.

मडकं काढलं तर बाईंनी दाण्याच्या वाटीत अंडं घातलं. वाटी बदलून अरुंद तोंडाची आणली, तेव्हा कुठे ते थांबलं. आता मडकं वर्षातून एकदाच लागतं, आणि त्यात घरटं करायला बोटभर लांबीचा काथ्या. आधी मी हौसेने सुती दोरेही टाकले होते. एका पिल्लाच्या पायाला तो दोरा असा गुंडाळला गेला की नखं कापायच्या कात्रीने, भिंगाखाली, अर्धा तास लागला सोडवायला. पुढे एक बोट वाळून गळून पडलं.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं: पिंजरा स्वयंपाकघराशेजारी आहे का? होता. नॉनस्टिक तवा रिकामा राहून जास्त तापला की त्याचा धूर पक्ष्यांना मिनिटांत मारू शकतो. माणसाला वाससुद्धा जाणवेलच असं नाही. तवा माळ्यावर गेला, बिडाचा परत आला. डासांची कॉइल बंद, त्याऐवजी मच्छरदाणी. उदबत्तीचा विषय काढायला मला दोन दिवस धीर झाला नाही. शेवटी म्हटलं, "आई, पूजेच्या वेळी यांना आतल्या खोलीत नेऊन ठेवू का?" त्या म्हणाल्या, "त्यांना कशाला हलवतेस? देवाला निरांजन पुरतं." मी यासाठी किती शब्द जुळवून ठेवले होते!

पावसाळा हा वेगळाच ताप. राळे एका वेळी किलोभरच आणायचे, मेमध्ये ऊन देऊन स्टीलच्या डब्यात. कुबट वास आला की बिनदिक्कत फेकायचे. मुंग्यांसाठी टेबलाचे चार पाय चार वाट्यांतल्या पाण्यात, आजीच्या दूधफडताळासारखे. गॅलरीत पिंजरा ठेवला की कावळे जाळीवर येऊन बसतात, म्हणून माणूस घरात नसताना तो आत. रात्री तीन बाजूंनी ओढणी, आणि दिवाळीत झिरोचा दिवा. पहिल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला सुतळी बॉम्ब वाजला आणि अंधारात सगळे जाळीवर आदळले. उजेड असला तर निदान दांडी सापडते.

बुंदीचा एक मुलगा आम्ही ठेवला, बोट गेलेला तोच. यांच्यात गातात ते नर, आणि गाणं शिकतात बापाकडून. तो दोन महिन्यांचा झाल्यापासून रोज दुपारी कोपऱ्यात बसून स्वतःशीच पुटपुटायचा, गणपतीत पेटीवर हात बसवणाऱ्या पोरासारखा. आता त्याचं गाणं पक्कं झालंय: सुरुवात अगदी बापाची, शेवटी मात्र एक स्वर गाळतो. बुंदी ते ऐकून काय म्हणत असेल, देव जाणे.

यंदा गणपतीला आम्ही पाच दिवस गावी गेलो. शेजारच्या आठवीतल्या मुलाला चावी दिली आणि फ्रिजवर कागद लावला: आधी दोन मिनिटं बघ, मग पेपर, मग पाणी, मग वाटी. वाटीपुढे लाल पेनाने, फुंकर मार. दुसऱ्या दिवशी आरती चालू असताना त्याचा फोन आला.

"काकू, फुंकर मारली. पण सगळंच उडालं."

"मग दाणे घाल की बाळा," मी म्हटलं, "आणि फोलपटं झाडून घे. आजी गावाहून आल्यावर ओरडतील."