तुम्ही विचारलंत म्हणून: ५० हजारांत लग्नाचा फोटोग्राफर

नवऱ्या मुलींना नऊवारी नेसवायला मी ठाण्यापासून पनवेलपर्यंत सगळीकडे जाते. निऱ्या बसेपर्यंत नवरीच्या आईशी, मावशीशी गप्पा सुरू झालेल्या असतात. घरात पुढचं लग्न असलं की एक प्रश्न ठरलेला: "ताई, फोटोग्राफर कोण चांगला हो? आमचं बजेट फार नाही, पन्नासेक हजार."

नाव मी सांगत नाही. नाव सुचवलं तर कमिशन देऊ करणारे स्टुडिओवाले बरेच आहेत, आणि एकदा ते घेतलं की माझ्या शब्दाला काय किंमत राहिली? पण माणूस पारखायचा कसा, ते सांगते. नवरीच्या खोलीत आणि स्टेजच्या कडेला उभी राहून मी या मंडळींना सीझनभर काम करताना बघत असते.

इन्स्टाग्रामवर भुलू नका. तिथे निवडक फोटो असतात, तेही बहुतेक संध्याकाळच्या उन्हात, मोकळ्या लॉनवर काढलेले. तुमचं कार्य आहे नौपाड्यातल्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. छत बुटकं, खिडक्यांना जाड पडदे, त्यात होमाचा धूर. तेव्हा फोटोग्राफरला सांगा, अशाच हॉलमधलं एक अख्खं लग्न दाखव, गिऱ्हाइकाला दिलंस तसंच्या तसं. जो कुरकुर न करता लॅपटॉप उघडेल त्याच्याकडे बसा. बघताना नवरा-नवरीचे फोटो भराभर पुढे ढकला. कानपिळीच्या वेळी भावाचा चेहरा दिसतोय का, कोपऱ्यातल्या खुर्चीवरची आजी कुठे आलीय का, पंगतीत आग्रह करणारी माणसं आहेत की नुसती ताटं आहेत, ते बघा. नवरीचा एक तरी फोटो सगळ्यांनाच चांगला काढता येतो. मेकअपवालीने निम्मं काम आधीच केलेलं असतं.

आणि एक प्रश्न विचारा: अंतरपाट धरला की तुम्ही कुठे उभे राहता? मंगलाष्टकं मिनिटंच्या मिनिटं चालतात. कुठल्या तरी आत्याने रचलेलं एक जास्तीचं कडवंही असतं. पण शेवटचं "सावधान" झालं, गुरुजी "वाजवा रे वाजवा" म्हणाले आणि अंतरपाट उत्तरेकडे ओढला गेला की पुढचं सगळं काही क्षणांत उरकतं. अक्षतांचा मारा, मामाने उचलून धरलेला नवरा, हार घेऊन टाचा उंचावणारी नवरी, आणि समोर मोबाइल धरलेले पन्नास हात. जाणता माणूस शेवटच्या अष्टकाच्या आधीच गुरुजींच्या मागे जाऊन उभा असतो. नवखा समोरच्या गर्दीत सापडतो आणि जन्माचा फोटो येतो तो काकांच्या मोबाइलच्या पाठीचा.

यासाठी फोटोग्राफर मराठीच हवा असं मुळीच नाही. एकदा मराठी धड न येणाऱ्या एका पोराने सकाळी सकाळी मला गाठलं. "मौसी, गौरीहर पहले की सीमांतपूजन?" मी सांगत गेले तसा त्याने सगळा क्रम पेनने तळहातावर लिहून घेतला. त्याचे फोटो मी नंतर बघितले. सूनमुखाच्या वेळी आरशात सासू आणि सून दोघींचे चेहरे त्याने बरोबर पकडले होते.

दुसरी मेख मुहूर्ताची. चातुर्मासात लग्नं नाहीत, तुळशीचं लग्न झालं की सगळ्यांना त्याच तारखा हव्यात. चांगल्या मुहूर्ताला एकेका स्टुडिओकडे दोन-तीन ऑर्डर असतात. मग तुम्हाला गोड बोलून ॲडव्हान्स घेणारा वाशीच्या लग्नाला जातो आणि तुमच्याकडे येतो रोजावर बोलावलेला कोणीतरी. त्या दिवशी कॅमेरा कोणाच्या हातात असेल, ते नावासकट व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, आणि काम बघायचं ते त्याचं.

आता पैसे कुठे वाचवायचे. प्री-वेडिंग सरळ काढून टाका. माझं मत जुनाट वाटेल, पण तलावपाळीवर नाहीतर पाम बीच रोडला मित्राने काढलेले फोटो बॅनरला पुरतात. येऊरचं म्हणाल तर ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलं जंगल आहे, तिथे वाटेल तिथे लाइट लावून शूट करता येत नाही. ड्रोनही नको. बंद हॉलमध्ये तो करणार काय? आणि २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून उलवे-पनवेलकडची लॉन्स त्यात आली. जाडजूड अल्बम लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला करा, फोटो काही पळून जात नाहीत. हळद घरीच असेल तर गॅलरीतल्या उजेडात भाच्याचा मोबाइल पुरे. मात्र लग्नाच्या दिवशी दोन माणसं हवीतच, एक फोटोला, एक व्हिडिओला. एकच माणूस दोन्ही करतो म्हणाला तर समजा, एकही धड होणार नाही.

फुकटात होणारी एक गोष्ट सांगते. डेकोरेटरला आधीच बजावून ठेवा की विधी चालू असताना स्टेजवर साधे पांढरे दिवे. ते निळे-जांभळे एलईडी रिसेप्शनला लावा हवे तेवढे. त्या उजेडात नवरीची पिवळी अष्टपुत्री साडी मळकट दिसते आणि हळद लागलेली नवरी आजारी. मग फोटोग्राफर कितीही महागाचा असो. हॉल बुक करतानाच हेही विचारा की बाहेरचा फोटोग्राफर चालतो का. काही हॉलवाल्यांची माणसं ठरलेली असतात, बाहेरचा आणला तर रॉयल्टी मागतात.

व्यवहाराचं थोडं. कोटेशनखाली "जीएसटी एक्स्ट्रा" लिहिलं असेल तर १८ टक्के धरा आणि जीएसटी नंबर मागा. कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डांवर एकदम रेकॉर्ड होतं का, विचारा. एक कार्ड बिघडलं तरी लग्न वाचतं. सगळे पैसे आधी देऊ नका, शेवटचा हप्ता डेटा हातात आल्यावर. आणि कागदावर सही करण्याआधी हक्कांची ओळ वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं, की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. ते वेगळं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि मग आपल्या मुलीचा फोटो त्यांच्या जाहिरातीत दिसतो. चालत असेल तर ठीक, नसेल तर ती ओळ खोडायला लावा.

अल्बम यायला महिने लागतात. पण महापालिकेत विवाह नोंदणीला पत्रिका आणि तीन साक्षीदारांसोबत लग्नाचा फोटोही मागतात. तेव्हा हार घालतानाचे नाहीतर सप्तपदीचे दोन-तीन फोटो पहिल्याच आठवड्यात द्यायचे, हे बुकिंगच्या वेळीच बोलून ठेवा. जावई परदेशी नोकरीला असेल तर नक्कीच, नाहीतर मुलीचा व्हिसा त्या एका फोटोपायी अडकून बसतो.