पान्याने न उघडणारी गाडी

आज भांडुप स्टेशनबाहेर इलेक्ट्रिक स्कूटर बंद पडली. चार्जिंग निम्म्याहून जास्त, स्क्रीनवर कसलासा एरर कोड आणि गाडी ढिम्म. ढकलत जवळच्या गॅरेजवर नेली. तिथले मामा नुसत्या आवाजावरून कार्ब्युरेटरचं दुखणं ओळखणारे. सीट उचलून आत डोकावले आणि परत बसवली. "साहेब, हिला पाना नको, लॅपटॉप हवा."

खरंय. या गाड्यांत ना पिस्टन, ना प्लग, ना इंजिन ऑइल. रुसतात ते मोटर चालवणारा कंट्रोलर, सेन्सर, बॅटरी सांभाळणारी यंत्रणा म्हणजे बीएमएस, नाहीतर पावसात ओल धरलेला एखादा कनेक्टर. मल्टिमीटरने थोडंफार कळतं, पण कोड वाचायचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा कंपनीकडेच. आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं, पुढच्या आठवड्यात आणा!

मामांना नावं ठेवणार नाही. स्कूटरची बॅटरी साधारण ४८ ते ७२ व्होल्टची, पण इलेक्ट्रिक कारमध्ये बऱ्याचदा ३०० ते ४०० व्होल्ट असतात. तिथे प्रशिक्षणाशिवाय हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

आयटीआयमध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, चांगलंच आहे. पण पन्नाशीच्या मामांनी गॅरेजचं शटर ओढून दोन वर्षं वर्गात बसायचं? त्यांच्यासाठी संध्याकाळचे छोटे वर्ग हवेत, तेही मराठी-हिंदीत. आपण मात्र सबसिडी आणि चार्जिंग स्टेशनवरच भांडतोय.

असो. भांडुप-मुलुंडकडे कंट्रोलरचं काम जाणणारा कुणी असेल तर कळवा, स्कूटर अजून मामांच्या दारातच आहे.