कपाटातलं यंत्र बाहेर काढताना : आमची वाटचाल

साताऱ्यात माझा कॉम्प्युटर क्लास होता. एमएस-सीआयटी, टॅली, टायपिंग, मे महिन्यात लहान मुलांच्या बॅचेस. बारा मशीन, एक इन्व्हर्टर, आणि वर जायला अरुंद जिना. 2012 च्या जूनमध्ये त्या जिन्यावरून एक तरुण भावाचा हात धरून वर आला, पूर्ण अंध, आणि म्हणाला सर मला एमएस-सीआयटी करायचंय. मी सरळ सांगून टाकलं की आमच्याकडे तशी सोय नाही, पुण्या-मुंबईला चौकशी करा. तो म्हणाला, "सोय मी घेऊनच आलोय सर, फक्त एक मशीन द्या."

खिशातून पेन ड्राइव्ह काढला, सीपीयू हाताने चाचपून पोर्ट शोधला, विंडोज-आर दाबलं, पाठ असलेला पाथ टाइप केला, एंटर मारला आणि मशीन बोलायला लागलं. एनव्हीडीए. इन्स्टॉलसुद्धा करायचं नाही, पेन ड्राइव्हवरूनच चालतं. हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करनने 2006 मध्ये सुरू केलेला आणि मित्र जेम्स तेहबरोबर वाढवलेला, दोघेही अंध, आणि पूर्ण फुकट. मी दहा वर्षं कॉम्प्युटर शिकवत होतो आणि मला हे माहीतच नव्हतं. पुढची चाळीस मिनिटं तो मला शिकवत होता, माउसला हात न लावता फाइल उघडणं, टेबलमधून फिरणं, सेव्ह करणं, आणि मी नुसता शेजारी उभा राहून ऐकत होतो.

त्या रात्री झोप लागली नाही हे खरंय. सोय नव्हती असं नाही, मला येत नव्हतं. आणि माझ्यासारखे किती जण असतील, शिक्षक, थेरपिस्ट, बँकेतले, ऑफिसातले, जे रोज कुणाला तरी "सोय नाही" म्हणून परत पाठवत असतील. आमच्या फर्मची सुरुवात या एका गोष्टीतून झाली. आम्ही यंत्रं विकत नाही, आजही नाही. ज्यांच्या हातून यंत्र दिव्यांग माणसापर्यंत पोचतं त्यांना ते वापरायला, बसवायला, शिकवायला शिकवतो. तो तरुण आज आमचा पार्टनर आहे. नाव नको म्हणाले म्हणून देत नाही, आमच्याकडे सगळे त्यांना नुसतं सर म्हणतात, मीही.

2014 मध्ये आम्ही पहिलं मोठं ट्रेनिंग घेतलं, साठ विशेष शिक्षक, हॉल, प्रोजेक्टर, दोन दिवस. मी स्लाइड्स केल्या होत्या, स्क्रीन रीडरच्या सगळ्या शॉर्टकट कीज, ब्रेल डिस्प्ले, म्हणजे स्क्रीनवरची अक्षरं बोटांखाली ब्रेलच्या ठिपक्यांत उमटवणारं यंत्र, कसा जोडायचा, सगळं. फीडबॅक फॉर्मवर "छान", "उपयुक्त", चहा-नाश्ता उत्तम. तीन महिन्यांनी आम्ही आमच्या खर्चाने त्यातल्या चौदा शाळा फिरलो. एका शाळेत मुख्याध्यापकांनी कपाट उघडून दाखवलं, आत ब्रेल डिस्प्ले, एका वेळी 20 अक्षरं दाखवणारा, बॉक्समध्ये, वरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच. म्हटलं सर वापरात का नाही. ते म्हणाले शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला चढवलाय, मोडला तर मी भरून देऊ का? आणि ते चुकीचं बोलत नव्हते. त्या कपाटाची चावी त्यांच्या कमरेला, आणि ज्या बाई ट्रेनिंगला आल्या होत्या त्यांना यंत्र कपाटात आहे हेच माहीत नव्हतं. चौदापैकी दोन शाळांत काहीतरी सुरू होतं. बाकी बारा ठिकाणी आमच्या ट्रेनिंगचा काहीच मागमूस नव्हता.

हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत फिलिप्स आणि झाओ यांनी 1993 मध्ये एक अभ्यास छापला होता, 227 प्रौढ माणसांना विचारलं, तर घेतलेल्या साधनांपैकी 29.3 टक्के त्यांनी सोडून दिलेली होती. कारणांमध्ये पहिलं काय, तर साधन निवडताना वापरणाऱ्याचं मत कुणी विचारलंच नाही. मी हा अभ्यास प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतो. आपल्याकडे केंद्राच्या एडिप योजनेतून साधनं येतात, ग्रामपंचायत-झेडपीच्या 5 टक्के दिव्यांग निधीतून येतात, शिबिरात एका मंडपात दोनशे जणांना वाटप होतं, फोटो होतात. वाटप वाईट नाही, ते झालंच पाहिजे, पण वाटपाच्या दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या घरी कोण जातं? डब्ल्यूएचओ आणि युनिसेफच्या 2022 च्या अहवालात म्हटलंय की जगात 250 कोटींहून जास्त लोकांना एक तरी सहाय्यक साधन लागतं आणि जवळपास 100 कोटी लोकांपर्यंत ते पोचतच नाही. आमच्या कामाचा भाग त्याच्या पुढचा, जे पोचलं ते चालू राहावं.

मग आम्ही सगळं बदललं. हॉल बंद. बॅच जास्तीत जास्त बारा जणांची, ट्रेनिंग शक्यतो त्यांच्याच शाळेत किंवा सेंटरवर, त्यांच्याच कपाटातल्या यंत्रावर, आणि मुख्याध्यापक पहिला अर्धा दिवस बसलेच पाहिजेत ही अट. त्यानंतर सहा आठवडे दर आठवड्याला फोन, तिसऱ्या महिन्यात प्रत्यक्ष भेट. पहिल्या दोन वर्षांत यामुळे निम्मी कामं हातची गेली, कारण मागणारे म्हणायचे एका दिवसात शंभर जण करा ना, सर्टिफिकेट द्या. क्लासच्या पैशावर घर चालवलं, सौ.ने शिकवण्या घेतल्या, पण शंभरची बॅच घेतली नाही.

डोळ्याला पट्टी बांधून चालायचा खेळही बंद केला. बऱ्याच ट्रेनिंगमध्ये तो असतो, पाच मिनिटं पट्टी बांधा आणि बघा अंध असणं कसं असतं. आमच्या सरांचा त्याला ठाम विरोध. पाच मिनिटांत माणसाला फक्त भीती कळते, तो बाहेर पडतो आणि म्हणतो अरेरे बिचारे, आणि मग तो अंध मुलाला काही करूच देत नाही. त्याऐवजी आम्ही मॉनिटर बंद करतो आणि दोन दिवस त्याच मशीनवर काम करून घेतो, मेल लिहा, तिकीट बुक करा, मार्कशीट भरा. दुसऱ्या दिवशी दुपारी लोक भराभर कामं करायला लागतात, आणि मग त्यांच्या बोलण्यातला "बिचारे" शब्द जातो.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते म्हणून सविस्तर सांगतो, ती म्हणजे फॉन्टची. एका ऑफिसात आम्ही ट्रेनिंगला गेलो, तिथे एक अंध कर्मचारी होते, आणि तक्रार अशी की त्यांना कॉम्प्युटर दिलाय, स्क्रीन रीडर दिलाय, तरी ते पत्रं वाचत नाहीत. सर शेजारी बसले आणि एक पत्र उघडलं. मशीन जे बोलायला लागलं ते मराठी नव्हतं, इंग्रजी नव्हतं, काहीच नव्हतं. सरांनी एकेक अक्षर ऐकलं, ई, जे, के, मग कॅपिटल बी, एच. मी स्क्रीनवर बघितलं तर तिथे स्वच्छ लिहिलेलं, "मराठी". पत्र कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. म्हणजे आपल्या डोळ्याला दिसतं देवनागरी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, फॉन्ट फक्त त्यांचं चित्र बदलतो. डोळस माणसाला चित्र दिसतं, स्क्रीन रीडरला आतलं इंग्रजी. युनिकोडमध्ये, म्हणजे आतही देवनागरीच साठवणाऱ्या पद्धतीत, तेच पत्र टाइप केलं आणि मशीनने घडाघडा वाचलं. ते कर्मचारी काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले पुन्हा वाचू द्या. कित्येक महिने त्यांच्यावर "काम करत नाही" असा शिक्का होता. त्या दिवशी ट्रेनिंग त्यांना नाही, टायपिंग करणाऱ्या चार क्लार्कना दिलं, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, युनिकोड, जुन्या फाइल कन्व्हर्ट कशा करायच्या. दिव्यांग माणसाचा प्रश्न म्हणून बोलावतात आणि औषध शेजारच्या टेबलाला द्यावं लागतं, हे आमच्या कामात नेहमीचं.

कानाच्या बाबतीतही तेच. श्रवणयंत्र शिट्टी मारायला लागलं की शिक्षक ते बंद करून दप्तरात ठेवतात, मुलाला त्रास नको म्हणून, अगदी मायेने. पण शिट्टी बहुतेक वेळा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, सैल झाल्याची असते, मूल वाढतं तसा कान वाढतो, मोल्ड बदलायला हवा. आम्ही बालवाडी, अंगणवाडीच्या ताईंना रोज सकाळची ऐकण्याची चाचणी शिकवतो, डॅनियल लिंग यांच्या नावाची (Ling) सहा आवाजांची टेस्ट, आ, ई, ऊ, म, स, श हे सहा आवाज, मुलाच्या मागे उभं राहून किंवा तोंड झाकून, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. मूल सहाही आवाजांना हात वर करतंय का बघायचं. दोन मिनिटांचं काम. आणि श्रवणयंत्राच्या सेलवरचा स्टिकर काढल्यावर एक मिनिट हवा लागू द्यायची, मगच सेल घालायचा. एवढ्याशा गोष्टी, पण कुणी हातात धरून दाखवल्या नाहीत तर वर्ष वाया जातं, आणि लहान मुलाचं भाषा शिकायच्या वयातलं एक वर्ष परत मिळत नाही.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल 2017 पासून लागू झाला, दिव्यांगत्वाचे 7 ऐवजी 21 प्रकार आले, सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण आलं, आणि मग हळूहळू कॉलेजेस, बँका, कंपन्यांचे एचआर आमच्याकडे यायला लागले. खरं सांगायचं तर फर्मचं गणित तेव्हा बसलं. कंपनीकडून पूर्ण फी घेतो आणि त्यावर झेडपी शाळांचं काम चालतं. थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकांना आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन रिन्यू करायला सीआरई, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे, पॉइंट लागतात, म्हणून एका मान्यताप्राप्त संस्थेबरोबर जोडून कार्यक्रम घेतो, नाहीतर त्यांना रजा मिळणं अवघड जातं. 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सुविधा सगळ्यांना वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निकाल दिला, केवायसीला डोळे मिचकावून दाखवा म्हणणाऱ्या पद्धतीविरुद्ध ॲसिड हल्ल्यातल्या आणि अंध याचिकाकर्त्यांनी लढलेली केस. तेव्हापासून बँकांचे फोन वाढलेत. चांगलं आहे, पण आमचं त्यांना एकच सांगणं असतं, ॲप तपासायला बसताना स्क्रीन रीडर रोज वापरणारा माणूस टेबलावर हवा आणि त्याला त्या दिवसाचा पगार हवा, फुकट नको.

लॉकडाऊनमध्ये चार महिने काहीच नव्हतं. मग सरांनीच झूमवर शिकवायला सुरुवात केली, आणि बत्तीस शिराळ्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या ताई, मॅडम जोडल्या गेल्या ज्या एरवी आमच्यापर्यंत कधी आल्याच नसत्या. पण मुलाला व्हीलचेअरमध्ये कसं बसवायचं, कंबरेचं माप कसं घ्यायचं हे स्क्रीनवरून शिकवता येत नाही हेही तेव्हाच कळलं, ते आम्ही लॉकडाऊन उठल्यावर पुन्हा प्रत्यक्ष घेतलं.

आता शेवटचं, गेल्या पावसाळ्यातलं. कोरेगाव तालुक्यात एका घरी गेलो होतो, नऊ वर्षांची मुलगी, सेरेब्रल पाल्सी, बोलता येत नाही, हात तिच्या ताब्यात राहत नाहीत. तिच्या विशेष शिक्षिका आमच्या बॅचच्या, फिजिओ मॅडमही. टॅबवर जेलो ॲप, चित्र दाबलं की तो शब्द बोलणारं, आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात (आयडीसी) तयार झालेलं, फुकट, मराठीत. बाई सहा आठवडे मुलीचा हात धरून चित्रावर दाबत होत्या, "पाणी", "खाऊ", आणि मुलगी हात ओढून घेत होती. फोनवर आम्ही सांगितलं होतं हात धरू नका, तुम्ही स्वतः बोलताना चित्र दाबत राहा, तिला नुसतं बघू दे. समोर बसल्यावर फिजिओ मॅडमच्या लक्षात आलं की तिचा डावा गुडघा मात्र ती हवा तेव्हा आत वळवते. मग जुना कीबोर्ड उघडला, एका कीच्या दोन टोकांना वायर सोल्डर केली, डब्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणात बटण बसवलं, वेल्क्रोने खुर्चीला गुडघ्याशी लावलं, आणि टॅबमध्ये स्विच ॲक्सेस सुरू केलं, चित्रांवरून चौकट एकेक करत पुढे सरकते, हवी तिथे दाबायचं. दीड तास गेला. चौकट तीन सेकंदांवरून पाच सेकंदांवर आणली तेव्हा जमलं.

तेवढ्यात आईने वरण-भाताचा घास पुढे केला, नेहमीच्या वेळी, नेहमीसारखा. मुलीने गुडघा वळवला आणि टॅब म्हणाला, "नाही."

आई थांबली. घास हातात तसाच. म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तुला नको असताना पण भरवत होते का गं मी?" आणि मुलगी हसली, आणि पुन्हा गुडघा वळवला, "नाही", पुन्हा "नाही". बाईंच्या डोळ्यात पाणी, मला बोलता येईना, सर मात्र बाहेर ओट्यावर बसून आवाज ऐकत होते, तिथूनच म्हणाले, "आता 'आणखी' कुठे आहे ते दाखवा तिला, लगेच."

त्या बाई आता आमच्याकडे महिन्यातले चार दिवस ट्रेनर म्हणून येतात. येत्या जूनची बॅच खटाव तालुक्यातल्या दोन शाळांत आहे, बारा जणांची, त्यातले चार थेरपिस्ट. पहिल्या दिवशीच्या सामानाच्या यादीत बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय : एक्स्टेन्शन बोर्ड, सोल्डर गन, वेल्क्रो, जुने कीबोर्ड पाच, आणि कपाटाची चावी कुणाकडे आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारणे.