कोरो घ्यायला क्योटोला जाताय? आधी पेटी बघा

क्योटोच्या जुन्या बाजारात चिनीमातीची जुनी धूपपात्रं, म्हणजे कोरो, ढिगानं आणि स्वस्तात मिळतात, असं जाण्याआधी मला अनेकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. ढिगानं मिळतात ते चहाचे पेले, साकेच्या सुरया आणि ताटल्या. घ्यावासा वाटेल असा कोरो अख्ख्या बाजारात मोजक्याच ठिकाणी दिसतो. त्यातही बरेचदा कोरो म्हणून हातात ठेवतात ते कोगो असतं, धूप साठवायची छोटी डबी. झाकणाला भोकं नाहीत आणि आत राख भरायला जागा नाही, तर ते खाली ठेवा. अपवाद म्हणजे किकिगोरो. तो बिनझाकणाचा, पेल्याएवढा, तीन पायांचा असतो आणि राखेत पुरलेल्या निखाऱ्यावर अगरूचा कण तापवून हुंगायला वापरतात.

तारखा पाळा. दर महिन्याच्या २१ तारखेला तो-जी मंदिरात कोबो-सानचा बाजार भरतो आणि २५ तारखेला कितानो तेनमांगूमध्ये तेनजिन-सानचा. दोन्ही साधतील असाच मुक्काम ठेवा. तो-जी क्योटो स्थानकाच्या हाचिजो बाजूनं चालत पंधरा मिनिटांवर आहे. उजाडताच पोचा. दहानंतर गर्दी इतकी की खाली बसून भांडं उलटं करून बघणं अशक्य होतं, आणि तळ न बघता कोरो घेण्यात अर्थ नाही. २१ डिसेंबरला वर्षातला शेवटचा बाजार असतो. त्या दिवशी गर्दी फारच असते, भांडी घ्यायला मुळीच जाऊ नका.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. गिऑन भागातल्या एका दुकानात सेलाडॉनचा, म्हणजे फिकट हिरव्या झिलईच्या चिनीमातीचा, तीन पायांचा कोरो होता. किंमत ८५,००० येन, कारण सोबत ‘तोमोबाको’ होती. तोमोबाको म्हणजे कुंभारानं स्वतः वस्तूचं नाव लिहून, सही-शिक्का करून दिलेली लाकडी पेटी. कोरो खरंच देखणा होता. पण पेटीत ठेवला की दोन बोटं डुगडुगत होता, आणि पेटीच्या तळाशी लाकडावर उमटलेला जुना डाग गोल होता, तीन पायांचा नव्हे. फोनचा कॅमेरा झाकणावरच्या अक्षरांवर धरला तर त्यानं वाचलं ‘चहाचा वाडगा’. कोरोच्या तळाचा शिक्का आणि पेटीवरचा लाल शिक्का यांचाही मेळ नव्हता. हे दाखवल्यावर दुकानदार म्हणाला, जुनी माणसं मिळेल त्या पेटीत काहीही ठेवायची, आणि क्षणात किंमत अर्ध्यावर आणली! दुसऱ्याची पेटी जोडून भाव चढवायचा हा सरळ फसवणुकीचा धंदा आहे. तशाच घडणीचा, बिनपेटीचा कोरो मला तो-जीला ६,००० येनला मिळाला. म्हणून पेटीवरचं नाव, शिक्का, मापं आणि आतला डाग, चारही जुळत असतील तरच पेटीचे पैसे द्या.

झाकणाकडेही तितकंच बारकाईनं बघा. कुतानी या जपानी चिनीमातीच्या लाल-सोनेरी कोरोंवर मूठ म्हणून बहुधा शिशी, म्हणजे सिंह, बसलेला असतो. त्याचे कान आणि शेपटी हमखास तुटतात आणि मग रंगवून जोडतात. छोटी अतिनील टॉर्च न्या, डागडुजीचा रंग पुष्कळदा तिच्याखाली वेगळा चमकतो. नखानं टिचकी मारा, बद्द आवाज आला तर तडा आहे. विक्रेत्यांचे तीन शब्द पाठ करा: ‘न्यू’ म्हणजे केसासारखा तडा, ‘होत्सु’ म्हणजे टवका, ‘नाओशी’ म्हणजे दुरुस्ती. ‘नाओशी आरिमासु का?’ असं थेट विचारलं की बाजारातले बहुतेक जण खरं सांगतात, दुकानांपेक्षा नक्कीच जास्त.

तळावर इंग्रजीत ‘मेड इन जपान’ असेल आणि विक्रेता एदो काळ, म्हणजे १८६८ च्या आधीचा, म्हणत असेल, तर तिथून उठा. अमेरिकेच्या कायद्यामुळे १८९१ पासून निर्यातीच्या मालावर देशाचं नाव घालावं लागलं. आधी ‘निप्पॉन’ चालायचं, १९२१ पासून ‘जपान’ लिहिणं भाग पडलं. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर ते १९५२ पर्यंतचं. सात्सुमा ही सोनेरी नक्षीची जपानी भांडी, पण ‘रॉयल सात्सुमा’ लिहिलेलं काहीही जुनं नसतं, कितीही सोनं चढवलेलं असो.

क्योटोहून कानाझावा शहरात एक दिवस जाऊन आलो, तो सुखाचा गेला. तिथल्या इशिकावा प्रीफेक्चरच्या (प्रांताच्या) कला संग्रहालयात सतराव्या शतकातल्या निनसेई या कुंभाराचा फेझंट पक्ष्याच्या आकाराचा रंगीत कोरो आहे, जपाननं राष्ट्रीय ठेवा ठरवलेला. तो बघितल्याशिवाय खरेदीला लागूच नका. मार्च २०२४ पासून क्योटोहून थेट गाडी नाही, त्सुरुगाला उतरून शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडावी लागते. जुन्या माहितीवर विसंबू नका.

रोख येन ठेवा, बाजारात कार्ड क्वचितच चालतं. घरी कोरो वापरायचा असेल तर तळाशी राखेचा जाड थर हवाच, नुसत्या भांड्यात निखारा ठेवला तर ते तडकू शकतं. तिथूनच राखेची पुडी आणि बिनकाडीच्या जपानी उदबत्त्या घ्या. आपल्या बांबूकाडीच्या उदबत्त्या लांब असतात, झाकण लावताच येत नाही. परतताना जुनी राख झटकून भांडं पुसा, झाकण वेगळं गुंडाळा, पायांच्या मधल्या जागेत कागद ठासून भरा आणि सगळं केबिनच्या बॅगेतच ठेवा.