आबांचा पूर्वी स्टार: सातारा ते बेळगाव आणि परत

माझे वडील, आबा, आदल्या रात्रीच गावाहून माझ्याकडे साताऱ्यात मुक्कामाला आले होते. पहाटे मी चहा टाकायला उठले तर हे पॉलिश केलेले बूट घालून, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेले. ‘रिपोर्टिंग कितीला हाय?’ पंच्याहत्तरी झाली तरी कुठल्याही प्रवासाला त्यांच्या लेखी रिपोर्टिंगच असतं.

काम असं. आबा 1969 ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि 17 वर्षांनी, 1986 ला हवालदार म्हणून बाहेर पडले. त्यांच्या डिस्चार्ज बुकात (फौजेतल्या सेवेच्या नोंदींची वही) संग्राम मेडल आहे, स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्षाचं मेडल आहे, नऊ वर्षांच्या सेवेचंही आहे. पूर्वी स्टार, म्हणजे 1971 च्या युद्धात पूर्वेकडच्या मोहिमेवर असलेल्यांचं मेडल, मात्र नाही. डिसेंबर 1971 मध्ये आबा पूर्वेकडे सरहद्दीपलीकडे दारूगोळ्याची गाडी चालवत होते. गेल्या 26 जानेवारीला गावच्या शाळेत माजी सैनिकांची नावं पदकांसकट वाचली, तेव्हा आबांच्या पुढं तीनच निघाली. घरी आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, ‘आपण काय लढलो? गाडी मारली. त्ये लढणाऱ्यांचं.’

इथंच बहुतेक घरांत घोळ होतो, म्हणून आधी एवढं लिहिते. परमवीर, महावीर, वीर चक्र आणि सेना मेडल ही त्या माणसानं केलेल्या कामगिरीसाठी मिळतात. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, समर सेवा स्टार ही मोहिमेची पदकं. तुम्ही त्या काळात त्या मुलखात नेमून दिलेल्या कामावर होता का, एवढाच त्यात प्रश्न. स्वयंपाकी असो, ड्रायव्हर असो, मेडल तेच. आबांना हे पटायला चार महिने लागले.

ट्रंक उघडण्याआधी अर्ज लिहू नका

मी तेच केलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्रासोबत अर्ज बेळगावला पाठवला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला, जिथं जवानांच्या सेवेचे कागद असतात. दोन पानं भरून आबांची हकीकत, शाळामास्तरणीच्या अक्षरात. अर्ज परत आला. त्यात भेटीगाठीच्या गोष्टी होत्या; तारखा नव्हत्या, कोणत्या युनिटबरोबर होते ते नव्हतं आणि नंबरातला एक आकडाही मी चुकवलेला. चूक माझीच होती. रेकॉर्डवाल्यांना गोष्ट ऐकून काही करता येत नाही. त्यांना नंबर, रँक, नाव, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि ‘अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत अमुक युनिटकडे अटॅच’ एवढी ओळ लागते.

मग आबांची काळी ट्रंक उघडली. खाली वर्तमानपत्राच्या कागदात आईनं जपलेली पत्रं होती. नोव्हेंबर-डिसेंबर 1971 च्या पत्रांवर पाठवणाऱ्याचा पत्ता ‘मार्फत 99 ए.पी.ओ.’, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. त्याआधीच्या पत्रांवर वेगळा. ज्यांच्या घरात फौजी आहे त्यांना ठाऊक असेल, 99 ए.पी.ओ. म्हणजे पूर्वेकडची डाक आणि 56 म्हणजे उत्तर-पश्चिमेची. पत्र हा पुरावा धरत नाहीत, हे मला नंतर कळलं. पण कोणत्या महिन्यांचं रेकॉर्ड बघायचं ते त्यानं नेमकं सांगितलं. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. तिनं ती पत्रं कशासाठी ठेवली असतील ते असो.

पत्रांच्या आधारे आबांना आठवत गेलं. त्यांची पलटण तेव्हा लढाईच्या मुलखात नव्हतीच. ऑक्टोबरात गाड्यांसाठी ड्रायव्हर मागवले, त्यात हे गेले आणि दुसऱ्या युनिटला जोडले गेले. मेडलसाठी आपापल्या माणसांची नामावली युनिटनं पाठवायची असते आणि मग ते पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानांच्या नोंदींच्या अधिकृत आदेशात, छापून येतं. जोडून गेलेला माणूस दोन्ही याद्यांच्या मधल्या फटीत पडतो. याला वाटलं तो लिहील, त्याला वाटलं हा लिहील. नक्की कुणाचं राहिलं हे आम्ही शोधत बसलो नाही, तुम्हीही बसू नका. त्यात वेळ जातो आणि समोरचा कारकून उगाच बचावात जातो.

तुमच्याकडे तारखाच नसतील तर माहिती अधिकारात शीट रोलची नक्कल मागा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणि पानाला दोन रुपये. शीट रोल म्हणजे जवानाची सगळी कुंडली: बदल्या, रजा, दवाखाना, शिक्षा, मेडल. (शिक्षाही. आबांना 1974 मध्ये रजेवरून दोन दिवस उशिरा आल्याबद्दल झाली होती. हे आम्हा भावंडांना आत्ता कळलं.) एक सांगून ठेवते: पेन्शनला न पोचता बाहेर पडलेल्या जवानांचे कागद 25 वर्षांनंतर नष्ट करतात. तरी लाँग रोल कायम राहतो, त्यात थोडक्यात नोंदी असतात. ‘कागद नाहीत’ असं उत्तर आलं तर लाँग रोलचा उतारा मागा.

प्रवास

दुसरा अर्ज नीट गेला, तरी मूळ डिस्चार्ज बुक घेऊन एकदा स्वतः जावं असं ठरलं. जुलैचा दुसरा आठवडा, म्हणजे पावसानं झोडपायचे दिवस. सहाच्या सुमाराला पुण्याहून येणारी बेळगाव गाडी मिळाली. एस.टी.त पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत आणि बायकांना अर्धं तिकीट, पण दोन्ही महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. पुढचे पैसे पडतात. कर्नाटकच्या गाडीत बायकांना फुकट असतं, ते तिथल्या बायकांना, तेव्हा आधार कार्ड पुढं करून हसं करून घेऊ नका. मी करून घेतलंय, परतीच्या गाडीत.

शेंद्र्यापासून कागलपर्यंत सहापदरीचं काम चालू आहे. कराडजवळ मलकापूरला पुलाखाली गाडी अर्धा तास गोगलगायीसारखी. सकाळी दहाला पोचू हा हिशेब तिथंच मोडला. कोल्हापूरला आबांना खाली उतरवलं, चहा पाजला. कोगनोळीचा नाका ओलांडला की पाट्या कानडी होतात. निपाणी, संकेश्वर करत बेळगावला साडेअकरा वाजले. वयस्कर माणूस बरोबर असेल तर एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. आदल्या दिवशी दुपारी निघा, स्टँडजवळ लॉजवर राहा, सकाळी ताजेतवाने कॅम्पात जा. आम्ही घाई केली आणि आबांचे पाय सुजले.

कॅम्पात शिरल्यावर मात्र आबांची चाल बदलली. कंबरेत वाकलेला माणूस रिक्षातून उतरला तो ताठ. गेटवर मोबाइल जमा करावा लागतो, म्हणून फोटो, नंबर, तारखा सगळं कागदावर लिहून न्या. माझं निम्मं मोबाइलमध्ये होतं. माजी सैनिकाचं ओळखपत्र, आधार, दोघांचेही. मुलगी म्हणून माझ्याकडे वेगळं काही मागितलं नाही, पण आबा नसते तर अधिकारपत्र लागलं असतं. वीरपत्नी किंवा माजी सैनिकाची विधवा जाणार असेल तर पेन्शनचा कागद आणि मृत्यूचा दाखला ठेवा. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स साताऱ्यातूनच करून घ्या.

आत एका सुभेदार साहेबांनी आबांना आधी बसवलं, पाणी दिलं, मग विचारलं, ‘हवालदार साहेब, नंबर?’ आबांनी नंबर असा म्हटला की शेजारच्या टेबलावरचा पोरगा वर बघायला लागला. आधार कार्डाचा नंबर सांगताना हेच आबा तीन वेळा अडखळतात.

शीट रोल निघाला. पिवळी पानं, शाईची नोंद. ऑक्टोबर 1971 ची अटॅचमेंट, पार्ट टू ऑर्डरच्या नंबरासकट, आणि 1972 च्या सुरुवातीला परत पलटणीत आल्याची. मधल्या तीन महिन्यांत काहीच नाही. सुभेदार साहेब म्हणाले, जायची आणि यायची नोंद आहे म्हणजे मधलं सिद्ध होतं. त्या युनिटच्या ठिकाणाची खात्री करून घ्यावी लागेल. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात आबा म्हणाले, ‘साहेब, मी गोळी नाय चालवली.’ साहेब हसले नाहीत. म्हणाले, ‘गोळी पोचवली कुणी?’

आबा पुढं काही बोलले नाहीत. मीही नाही.

नावाचा एक घोळ निघाला, तो बहुतेकांचा निघेल. रेकॉर्डात आबांचं नाव आणि वडिलांचं नाव, आडनाव नाहीच, आधारवर आडनावासकट. मेडलवर नंबर, रँक आणि नाव कोरतात, ते रेकॉर्डाप्रमाणेच येणार. आम्ही ते तसंच ठेवलं. नाव बदलायला प्रतिज्ञापत्र आणि बाकीची सगळी यातायात आहे, ती पेन्शनसाठी अडत असेल तरच करा. मेडलसाठी त्यात पडू नका, दोन्ही कामं लोंबकळतात.

पैशांचं आणि पुढचं

गावात पहिला प्रश्न: किती मिळणार? काही नाही. मोहिमेच्या पदकांना भत्ता नसतो. शौर्यपदकांना असतो आणि त्यासाठी पेन्शनच्या कागदातही दुरुस्ती लागते. तो वेगळा रस्ता. न मिळालेलं मेडल पहिल्यांदा देताना पैसे घेत नाहीत. मिळालेलं हरवलं असेल तर पोलिसांकडची नोंद आणि किंमत, दोन्ही. कॅम्पातल्या दुकानांत मेडलच्या नकला मिळतात, त्यांच्यावर नाव नसतं. नक्कल घालण्यात वाईट काही नाही, पण ती दाखवून रेकॉर्डात नोंद मागायला जाऊ नका.

सगळ्यांना बेळगावला जायचं नाही. रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणं असतं: तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नलचं जबलपूरला, रणगाड्यांचं अहिल्यानगरला. साताऱ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारा, ते पत्र देतात आणि अर्ज कुठं पाठवायचा तेही सांगतात. रेकॉर्डातून लेखी नकार आला तर तो जपून ठेवा. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे आणि तिथं पहिला प्रश्न तोच कागद कुठं आहे हा असतो. तोंडी नकार घेऊन परत फिरू नका.

आमची खात्री होऊन पत्र यायला दोन महिने लागले. डिस्चार्ज बुक रजिस्टर पोस्टानं पाठवलं (पोस्टाची पावती आणि सगळ्या पानांच्या झेरॉक्स आधी), ते गणपतीनंतर परत आलं. पदकांच्या पानावर चौथी ओळ, लाल शाईत, शिक्का आणि सही. मूळ मेडल उपलब्ध झालं की पाठवू, असं सोबतच्या पत्रात आहे. ते कधी येईल ते येईल.

बेळगावहून निघताना मी कॅम्पातल्या दुकानातून पूर्वी स्टारची रिबन घेऊ का विचारलं होतं. आबा म्हणाले, ‘आधी वहीत येऊ दे.’ मग आम्ही अर्धा किलो कुंदा घेतला आणि दोनची गाडी पकडली. आता वहीत आलंय. परवा फोनवर विचारत होते, ती रिबन साताऱ्यात कुठं मिळंल का, का परत बेळगाव.